येसूमावशीचं इंग्रजी भाषांतर

मी इंग्रजीचा मास्तर होतो, आणि खरा इंग्रज बोलताना पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यातलं काहीएक कळलं नाही. त्या वेळी रत्नागिरीच्या हायस्कुलात शिकवून मला बरीच वर्षं झाली होती. गावात माझं इंग्रजी नावाजलेलं होतं. वकीलमंडळी अर्ज लिहिताना एखादा शब्द अडला तर मला विचारायची. आणि तो साहेब समोर उभा राहून बोलला तेव्हा मी बैलासारखा बघत राहिलो.

आता आश्चर्य वाटेल, पण त्या काळात आमचा धंदाच तसा होता. रेडिओ नव्हता. आम्ही इंग्रजी शिकलो ते पुस्तकांतून, आणि ज्यांच्याकडून शिकलो तेही पुस्तकांतूनच शिकलेले. शब्दाचा उच्चार कसा, हे कोशात बारीक खुणा करून दिलेलं असे. त्या खुणांवरून जो आवाज आमच्या घशातून निघे, तोच इंग्रजी. मुलांना व्याकरण पक्कं येई, निबंध ठाकठीक लिहिता येई. पण ‘पाणी दे’ एवढं इंग्रजीत म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

म्हणून मी शनिवारची इंग्रजी सभा सुरू केली. दुपारी शाळा सुटल्यावर वरच्या वर्गांतली हौशी मुलं थांबायची. कधी वादविवाद, कधी मोठ्यानं वाचन, कधी कविता, कधी नुसत्या गप्पा. नियम एकच, की सभेत मराठी शब्द काढायचा नाही. ज्याच्या तोंडून मराठी निघेल त्यानं उभं राहून घरात सकाळी काय काय घडलं ते इंग्रजीत सांगायचं. ही शिक्षा मुलांना फार जड वाटे. घरातली सकाळ इंग्रजीत येतच नाही. ‘न्हाणीतला चुलखंड विझला’ हे कसं सांगणार? पण या शिक्षेनंच मुलं तयार झाली.

त्यांत पहिला महादेव. बंदरावरच्या एका तांडेलाचा, म्हणजे मचव्यावरच्या मुख्य खलाशाचा मुलगा. काळा, उंच, आवाज खणखणीत. बापाबरोबर मुंबईच्या खेपा केलेल्या. तिथल्या गोदीत नाना तऱ्हेची माणसं बोलताना ऐकलेली. त्याचा कान फार तीक्ष्ण होता. वाक्य एकदा ऐकलं की त्याच चालीवर परत म्हणून दाखवायचा. आमचे हेडमास्तर पुण्याचे. त्यांना रत्नागिरीची हवा मानवत नव्हती आणि इथली बोली तर मुळीच नाही. पण महादेवाचं इंग्रजी ऐकून तेही मान डोलवायचे.

त्या वर्षी एक तरुण साहेब असिस्टंट कलेक्टर म्हणून आला. हिवाळ्यात त्याचा दौरा निघाला आणि पालीला तळ पडला. पाली म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथं आमराईत तंबू ठोकून साहेब कामं चालवत होता. माझ्या मनात आलं, सभेतल्या मुलांना घेऊन जावं. खऱ्या इंग्रजाचं इंग्रजी एकदा तरी त्यांच्या कानावर पडावं. हेडमास्तरांनी चिठ्ठी दिली, साहेबानं होकार कळवला, आणि मी मोजकी मुलं घेऊन बैलगाडीनं पालीला पोचलो.

साहेबानं आमचं स्वागत केलं ते भाषण मी वर सांगितलंच. शब्द अर्धे गिळलेले, वाक्याचं शेपूट दातांत अडकलेलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघू लागली. महादेव हळूच म्हणाला, “सर, प्रवास बरा झाला का विचारतायत.” ‘हो’ एवढं म्हणून मी सुटका करून घेतली.

त्याच दिवशी आणखी एक अडचण उभी राहिली. साहेबाचा शिरस्तेदार, म्हणजे लोकांचं बोलणं त्याला समजावून सांगणारा मुख्य कारकून, हिवतापानं अंथरुणाला खिळला होता. साहेबाला मराठी येत होतं, पण ते पुस्तकी. त्याचं मराठी लोकांना कळेना आणि लोकांचं त्याला. त्यानं मला विचारलं, तुमच्यापैकी कुणी दुभाष्याचं काम करील का? माझं मघाचं प्रकरण त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण विचारलं मला, पण बोट केलं महादेवाकडे. महादेवाची छाती फुगली. माझीही फुगली. माझ्या सभेतला मुलगा सरकारी कामात इंग्रजी बोलणार होता. त्याला शपथ दिली: समोरचा बोलेल ते, तेवढंच आणि तसंच सांगेन.

पहिली कामं ठीक गेली. बांधाची तक्रार, पाणंदीची तक्रार. महादेव घडाघडा सांगत होता. मग शिपायानं पुकारा केला आणि जी बाई पुढं आली तिला बघून महादेव दचकला. ती बंदरावरची येसूमावशी होती.

येसूमावशी सुकी मासळी विकायची. रत्नागिरीच्या बाजारात बसायची आणि पालीच्या बाजाराच्या दिवशी टोपली गाडीत घालून तिकडे जायची. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मूलबाळ नाही. महादेवाच्या घराशेजारीच तिचं खोपटं. त्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला. तिच्या तोंडाची सगळ्या गावाला सवय होती. ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय ती कुणाला हाक मारत नसे, आणि ‘तुजा मुडदा बशिवला’ म्हटल्याशिवाय तिचा सौदा पुरा होत नसे. ज्या गिऱ्हाइकाला ती शिवी देत नसे, त्याला वाटायचं, मावशीचं आपल्यावर काही बिनसलंय.

पालीच्या बाजाराच्या मुकादमानं तिला झाडाखालच्या सावलीतनं उठवून उन्हात बसवलं होतं. तिनं तिच्या रीतीप्रमाणं त्याचा उद्धार केला. पुढं लवकरच एका संध्याकाळी कुणीतरी आडोशानं मुकादमाला दगड मारला. त्याचं डोकं फुटलं. त्यानं फिर्याद दिली की या बाईनं सर्वांदेखत मला जिवे मारण्याची धमकी दिली होती.

साहेबानं विचारलं, “तू याला काय म्हणालीस?”

येसूमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय म्हनाले? म्हटला, तुजा मुडदा बशिवला. म्हटला, तुला खाडीत बुडवीन. आनी आता पन म्हनतंय! बायमानसाला उन्हात बशिवतो मेला!”

साहेबाचं आणि महादेवाचं पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मी इथं ते उलटं मराठीत आणून सांगतो.

महादेव म्हणाला, “साहेब, ही आमच्याकडची बोलण्याची रीत आहे. म्हणजे तिला—”

“रीत मी विचारली नाही. शब्द सांग. तू शपथ घेतली आहेस.”

महादेवानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि माझ्या त्या कोशातल्या इंग्रजीत म्हणालो, “साहेब, एक खुलासा—” साहेबानं हात वर केला. शपथ घेतलेल्या दुभाष्याखेरीज कुणी बोलायचं नाही, असं त्यानं बजावलं आणि शिपायानं मला खांद्याला धरून खाली बसवलं.

मग महादेवानं भाषांतर केलं. आवाज खोल गेला होता, पण इंग्रजी बिनचूक. “ती म्हणते, मी याचं प्रेत मांडून बसवीन. याला खाडीत बुडवून मारीन, असं मी म्हणाले आणि आताही तेच म्हणते.”

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. विलायतेहून नुकता आलेला पोरगा तो. समोर पांढऱ्या केसांची म्हातारी शांतपणे खुनाची कबुली द्यावी तशी बोलतेय, आणि मागं बसलेली माणसं हसतायत. त्यानं लोकांकडे असं पाहिलं, जणू सगळं गावच खुनी आहे.

येसूमावशीला काही उमगेना. ती महादेवाकडे वळून म्हणाली, “म्हादू, मेल्या, नीट सांग ना रे तुज्या सायबाला! तोंडात माती पडली काय तुज्या?”

“आता काय म्हणाली?” साहेबानं विचारलं.

महादेवाला तेही सांगावं लागलं. “ती मला म्हणते, हे मृत मुला, तुझ्या तोंडात स्मशानातली माती पडली आहे का?”

साहेबानं हुकूम केला: शांतता राखीन असा जामीन आणून दे, नाहीतर तुरुंगात जा. जामीन म्हणजे काय ते बाईला समजावलं. ती म्हणाली, “मी काय चोरी केली काय? नाय देनार.” हेही महादेवानं इंग्रजीत सांगितलं. शिपायांनी तिला धरून नेलं तेव्हाही तिला ती थट्टाच वाटत होती. गाडीत बसवल्यावर मात्र तिनं मागं वळून पाहिलं. तिची नजर आमच्यावरनं फिरून महादेवावर येऊन थांबली.

आम्ही बैलगाडीनं रत्नागिरीला परतलो. उतरताना महादेवानं विचारलं, “सर, माझा शब्द कुठं चुकला?”

“शब्द नाही चुकला,” मी म्हणालो.

मी स्वतः जामीन राहायला तुरुंगावर गेलो. येसूमावशीनं आतून निरोप पाठवला, की गुन्हा केला नाही तर जामीन कशाला. महादेवाच्या बापाचाही निरोप तिनं तसाच परत पाठवला. एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, अपील करता येईल, पण कागदावर तिची कबुली आहे आणि भाषांतर उत्तम आहे.

त्या महिन्यातच शाळेत इंग्रजी सभेचा वार्षिक समारंभ होता. हेडमास्तरांनी हौसेनं त्याच साहेबाला अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. शाळेचं मोठं दालन शृंगारलं. वकील, डॉक्टर, कचेरीतले कारकून पुढच्या खुर्च्यांवर बसले. कार्यक्रमात महादेवाचं नाव कवितेसाठी होतं. तो उभा राहिला, साहेबाला नमस्कार केला आणि म्हणाला, “मी कविता म्हणणार नाही. आमच्या सभेत एक शिक्षा असते, घरातली सकाळ इंग्रजीत सांगायची. ती शिक्षा मी आज घेतो.”

हेडमास्तरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

महादेव सांगू लागला. “सूर्य उगवतो तेव्हा माझी आई माझ्यापाशी येऊन म्हणते: ऊठ, हे प्रेता, सूर्य डोक्यावर आला. मी उठत नाही. ती म्हणते: तुला पटकी नेवो, पेज निवते आहे. मग ती मला पेज वाढते आणि वर तूप घालते. धाकटी बहीण तूप मागते. आई म्हणते: हिच्या तोंडाला आग लागो, हिला किती तूप हवं! आणि तिला माझ्यापेक्षा जास्त वाढते. बाबा मचव्यावर जायला निघतात. त्यांचा मित्र बाहेरून ओरडतो: येतोस, की तुझी तिरडी बांधू? बाबा हसत बाहेर जातात. दोघं एकाच मचव्यावर बसतात आणि वादळात एकमेकांचा जीव वाचवतात.”

मागच्या बाकांवर हशा उसळला. पुढच्या खुर्च्यांवरही लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते. साहेब मात्र हसत नव्हता. तो पुढं वाकून ऐकत होता. एकदम त्यानं विचारलं, “तुझी आई हे तुला रोज म्हणते?”

“रोज, साहेब.”

“आणि तू अजून जिवंत आहेस.”

“हो साहेब. तब्येतही बरी आहे.”

पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत महादेव थांबला. मग त्याचा आवाज बदलला. “पालीला मी तुम्हाला एका बाईचे शब्द सांगितले. एकही शब्द खोटा नव्हता. आज सांगितले तेही खरे आहेत. त्या शब्दांसाठी ती तुमच्या तुरुंगात आहे. या शब्दांसाठी माझ्या आईलाही तिथंच न्यायला हवं. मी शपथ पाळली साहेब, पण तुम्हाला खरं कळलं नाही.”

साहेब उठला, टोपी उचलली आणि कुणाशी न बोलता निघून गेला. त्याच्या पाठोपाठ पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. कचेरीच्या अंमलदाराला भर सभेत असं बोललेलं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

हेडमास्तर तरातरा माझ्याकडे आले. “या मुलाचं नाव उद्या शाळेतून काढतो. तुमच्या सभेलाही कुलूप!”

“एक दिवस थांबा सर,” मी म्हणालो. “साहेब काय करतो बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टेवाला दारात उभा. महादेवाला घेऊन बंगल्यावर या, असा निरोप. महादेवाचा बाप नेमका घरी होता. तो नवं धोतर नेसून बरोबर निघाला. मुलाला अटक झाली तर आपणही जायचं, असं ठरवूनच तो आला होता.

साहेब व्हरांड्यात बसला होता. समोर पालीचे कागद. त्यानं महादेवाला एकेक वाक्य पुन्हा विचारलं आणि म्हणाला, “मग याचं खरं इंग्रजी काय?”

महादेव म्हणाला, “साहेब, ते मला येत नाही. ‘ती रागावली होती’ एवढंच लिहिता येईल.”

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. आता तो सावकाश, मला कळेल असं बोलला. “मास्तर, मराठीच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो. यातला एकही शब्द माझ्या पुस्तकात नव्हता.” माझ्या पुस्तकात तरी त्याचं इंग्रजी कुठं होतं! त्यानं हुकूम लिहिला, सही केली. बाईला सोडून द्यावं. मुलावर शाळेनं काही कारवाई करू नये, असंही तोंडी बजावलं. मुकादमाला दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत उघडकीला आलं नाही. त्याच्यावर डूख धरून असलेली माणसं पालीपासून साखरप्यापर्यंत होती.

आम्ही तुरुंगाच्या दारात उभे राहिलो. महादेवानं मन घट्ट केलं होतं. म्हणाला, “सर, आज मावशी माझे वाभाडे काढणार. काढू देत.”

येसूमावशी बाहेर आली. हडकली नव्हती, आजारी दिसत नव्हती. तिनं लुगड्याचा पदर नीट केला, महादेवासमोर हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तुमी कशाला तरास घेतलाव, महादेवराव?”

महादेव एखाद्यानं छातीत गुद्दा मारावा तसा मागं सरला. मीही हादरलो. सोडवायला आलो होतो ती येसूमावशी, आणि बाहेर आली ती भलतीच कुणी.

मी तिला विचारलं, आत कुणी मारलं का, छळलं का? “नाय मास्तर. बरी वागनूक व्हती,” ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून पुटपुटली, “बोलायची भीती वाटते. कोन लिवून घेईल, काय सांगावं?”

ती पुन्हा बाजारात बसू लागली, पण मुक्यानं. ‘घ्या’, ‘द्या’, ‘बरं’, एवढंच. गिऱ्हाइकं घुटमळायची, मुद्दाम घासाघीस करायची. ती मुकाट्यानं मान हलवायची. बायका म्हणायच्या, “अगो येसू, एकदा शिवी तरी घाल गो!” ती हसल्यासारखं करायची. बंदरावरची सकाळ सुनी सुनी झाली.

आणि महादेव सभेला येईनासा झाला. वर्गात विचारलं तर उत्तर देई, तेही तोलूनमापून. मी त्याला घरी जाऊन गाठलं. तो म्हणाला, “सर, मावशीला बोलायची भीती वाटते ना? मलाही वाटते. तोंडातनं शब्द काढला की वाटतं, आता हा कुठं जाऊन पडेल?” मी त्याला समजावायला गेलो आणि मध्येच थांबलो. मला त्याचं म्हणणं पटत होतं. माझ्या हातून घडलेला सगळ्यांत उत्तम विद्यार्थी, आणि भाषेलाच घाबरून बसलेला. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतका हताश कधी झालो नव्हतो.

त्यानंतर मात्र त्यानं एक नेम धरला. रोज शाळेआधी बाजारात जायचा आणि येसूमावशीच्या टोपलीसमोर बसायचा. आधी नुसता बसायचा. मग मासळीला नावं ठेवू लागला. ही सुकट आहे की भुसा? हे बोंबील कुठल्या साली वाळवले? मावशी म्हणायची, “नको असंल तर राहूद्या.” तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गावाला वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. बाप म्हणाला, “माज्या पोराला वेड लागला काय, मास्तर?”

शिमग्याआधीच्या दिवसांतली गोष्ट. बोटीनं कुणी शिक्षणखात्याचे पाहुणे येणार होते म्हणून हेडमास्तर मला घेऊन बंदराकडे निघाले. वाट बाजारातनं जात होती. हेडमास्तरांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं होतं. समोर महादेव येसूमावशीच्या पुढ्यात उकिडवा बसलेला. त्यानं टोपलीतला एक चांगला मोठा बोंबील उचलला, सगळ्यांना दाखवला, हुंगला आणि मोठ्यानं म्हणाला, “मावशी, ह्यो बोंबील हाय की तुज्या न्हवऱ्याची जुनी वहाण?”

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. नवरा समुद्रात गेलेला. त्याचं नाव कुणी असं काढत नसे. येसूमावशीनं मान वर केली. मग ती ताडकन उठली, हातातलं तागडं फेकलं आणि तिच्या तोंडून जे सुटलं ते मी इथं लिहू शकत नाही. महादेवाच्या सात पिढ्या तिनं खाडीत बुडवल्या. त्याची जीभ झडवली, त्याचे डोळे फोडले, त्याच्या जन्मावेळच्या सुइणीलाही सोडलं नाही. बोलता बोलता तिनं त्याची मानगूट धरली, त्याला हलवलं, आणि त्याच हातानं त्याचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. तोंड चालूच होतं. महादेव रडत होता आणि हसत होता. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

हेडमास्तरांचं उपरणं नाकावरून गळून पडलं होतं. त्यांनी माझा दंड धरला.

“अहो, काय बोलतेय काय ही बाई त्याला?”

मी डोळे पुसले आणि म्हणालो, “सर, बरं वाटतंय म्हणते.”